गोष्ट संपली पाहिजे

'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही आपली जुनी म्हण. सत्ता कोणाच्याही हाती कायमची राहत नाही, पाळी फिरतेच, हे शहाणपण आपल्या आज्या-पणज्यांनी अवघ्या आठ दिवसांच्या हिशेबात बसवले होते. या म्हणीचा अर्धा भाग नाव म्हणून घेतलेली मालिका ई टीव्ही मराठी वाहिनीवर २६ नोव्हेंबर २००१ रोजी सुरू झाली आणि तिचे 'चार दिवस' ५ जानेवारी २०१३ रोजी संपले. अकरा वर्षे आणि तीन हजारांहून अधिक भाग! मालिका सुरू झाली त्या वर्षी पहिले कम्युनियन घेतलेली मुलगी मालिका संपेपर्यंत लग्नाच्या वयाला आली. सुनेचे चार दिवस कधी उजाडले, हे विचारण्याचे त्राण तोवर कोणाच्या अंगी उरले असेल असे वाटत नाही.

मला या लेखात एकच म्हणणे मांडायचे आहे. गोष्ट सांगणाऱ्याने गोष्ट संपवली पाहिजे. जो ती जाणूनबुजून संपवत नाही तो ऐकणाऱ्याची फसवणूक करतो. आणि ही फसवणूक आपण रोज सायंकाळी सात ते रात्री दहा या वेळात, स्वखुशीने आणि सहकुटुंब, करवून घेत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. धर्मगुरूने मालिकांवर लेखणी उचलली की पुढे काय येणार हे वाचकांना पाठ असते. भरजरी साड्या नेसून स्वयंपाक करणाऱ्या बायका, एका नवऱ्याच्या दोन बायका, कटकारस्थाने, संस्कारांचा ऱ्हास! मला त्या पंक्तीत बसायचे नाही. आपल्या ख्रिस्तसभेने १९५८ मध्ये असिसीची संत क्लारा हिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. आजारपणामुळे मंदिरात जाऊ न शकलेल्या क्लारेला खोलीच्या भिंतीवर नाताळच्या मिस्साचे दर्शन घडले, ही त्यामागची कथा. ज्या माध्यमाला आपण संत नेमून दिली त्याला सैतानाचे यंत्र म्हणणे शोभत नाही. शिवाय पाप, मत्सर आणि व्यभिचार दाखवणारी कथा वाईटच म्हणायची, तर जुन्या करारातील अर्धीअधिक पाने आपल्याला फाडावी लागतील.

मालिका पाहणाऱ्या स्त्रियांची टिंगल करणाऱ्या पुरुषमंडळींशीही माझे जमत नाही. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातील स्त्री पहाटे उठते, बंदरावरून मासळी घेते, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठते, दुपारी परतते, बोंबील वाळत घालते, चूल सांभाळते आणि नातवंडांना न्हाऊमाखू घालते. आमच्या वाडीतील शेतकरी स्त्रीचा दिवसही याहून हलका नसतो. तिला रात्री साडेआठला अर्धा तास टेकायला मिळाले आणि तिने पडद्यावरच्या सुनेसाठी दोन अश्रू ढाळले, तर तिच्या नवऱ्याने नाक मुरडण्याचे कारण नाही. विशेषतः तो स्वतः त्याच वेळी हातातील मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत असताना. दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येणे हा दुर्गुण नव्हे. मालिकाप्रेमी भगिनींच्या ठायी जी आस्था दिसते, ती समाजातील पुष्कळ सभ्य आणि सुशिक्षित माणसांत उरलेली नाही.

माझा राग आहे तो या आस्थेचा व्यापार करणाऱ्यांवर. दिवसभर राबलेल्या स्त्रीजवळ हा एकच अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात तिच्या हाती गोष्ट पडत नाही, गोष्टीचे आमिष पडते.

गोष्ट म्हणजे काय, हे मासेमारी करणाऱ्या गावाला वेगळे सांगायला नको. आमचे मच्छीमार समुद्रात डोल जाळे मांडतात. पाण्याचा ओढ असेपर्यंत ते पाण्यात राहते. पण ओढ मंदावला की ते उचलावेच लागते. होडीत उपसल्यावर कळते, पापलेट किती, बोंबील किती आणि कचरा किती. जाळे उचललेच नाही तर मासेमारी झाली असे कोणी म्हणणार नाही. गोष्टीचेही तसेच आहे. माणसांच्या कृत्यांचे जाळे अखेरीस किनाऱ्यावर ओढले जाते, चांगले-वाईट निवडले जाते, तेव्हा कुठे आपल्या पदरात काही पडते. आपल्या व्रतकथा 'सुफळ संपूर्ण' म्हटल्याशिवाय थांबत नसत, त्याचे कारण हेच होते. शेवट हा गोष्टीचा न्यायनिवाडा असतो.

बायबलमध्ये याचे फार तीक्ष्ण उदाहरण आहे. दावीद राजाने उरियाची पत्नी बळकावली आणि उरियाला युद्धात मरू दिले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला, तो उपदेश घेऊन नव्हे, तर गोष्ट घेऊन. एका गरिबाजवळ एकच लाडकी कोकरी होती आणि दारी कळप असलेल्या श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. राजा संतापला, त्या श्रीमंताला मृत्युदंड सुनावू लागला, तोच नाथानाने बोट राजाकडेच वळवले. गोष्ट पाच ओळींची; पण ती संपली म्हणूनच राजाच्या काळजात घुसली. नाथानाने जर दुसऱ्या दिवशी कोकरीची हरवलेली जुळी बहीण आणली असती, तिसऱ्या दिवशी श्रीमंताचा स्मृतिभ्रंश दाखवला असता आणि पुढचे पाचशे भाग राजाला उत्कंठेत ठेवले असते, तर दावीद आयुष्यभर दुसऱ्याच्या अपराधावर चडफडत सिंहासनावर सुखाने बसून राहिला असता. आपली अवस्था याहून निराळी आहे काय?

मोठी गोष्ट वाईट आणि छोटी चांगली, असे मी म्हणत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'क्रिस्तपुराण' जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे आहे. दूरदर्शनवरील 'रामायण' जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात मूळ ७८ भागांत झाले. 'महाभारत' १९८८ ते १९९० या काळात ९४ भागांत झाले. हजारो वर्षे ज्या कथांवर एक संस्कृती पोसली गेली, त्यातील राज्ये, वनवास आणि महायुद्धे ९४ रविवारांत आटोपतात. आणि एका देशमुखांच्या घरातील सासू-सुनांचा निकाल लागायला तीन हजार भाग लागतात! टाळेबंदीच्या काळात, मार्च १९ २०२० पासून चित्रीकरणे बंद पडली, तेव्हा दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले आणि घराघरांतून ते पुन्हा पाहिले गेले. शेवट पाठ असलेली गोष्टही माणसे तन्मयतेने पाहतात. म्हणजे शेवट सांगितला तर प्रेक्षक पळून जाईल, ही भीती प्रेक्षकाची नाही. ती विक्रेत्याची आहे.

हा विक्रेता कोण, हे या प्रकाराच्या जन्मकथेतच दिसते. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी रोजच्या कथा सुरू झाल्या. त्यांचे प्रायोजक प्रामुख्याने साबणाचे कारखानदार होते, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडले. साबण रोज विकायचा, म्हणून कथाही रोज चालली पाहिजे. 'गायडिंग लाइट' ही त्यातील एक कथा १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, पुढे दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९ मध्ये थांबली. बहात्तर वर्षे!

भारतात मात्र मालिका प्रथम आली ती या वाटेने नव्हे. ती मेक्सिकोहून आली आणि तिला वाट दाखवणारा मंत्री मराठी होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी १९८२ च्या सुमारास मेक्सिकोतील कथामालिका पाहिल्या. तेथे मिगेल साबिदो या दिग्दर्शकाने साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांसारख्या विषयांवर मालिका रचल्या होत्या. एक पात्र भले, एक बुरे आणि एक दोहोंमध्ये हेलकावे खाणारे. शेवटी प्रत्येकाला आपापल्या करणीचे फळ मिळते आणि मालिका संपते. त्या प्रेरणेतून मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हम लोग' जुलै १९८४ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ मध्ये, दीडशेहून अधिक भागांनंतर, संपली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत आणि घडलेल्या प्रसंगावर विचार करायला लावत. नाथानाचे बोट ते हेच!

पुढे उपग्रह वाहिन्या आल्या. आपण मेक्सिकोचा रोजचा रतीब तेवढा ठेवला आणि मेक्सिकोचा शेवट फेकून दिला. जुलै २००० मध्ये सुरू झालेली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' नोव्हेंबर २००८ पर्यंत १,८३३ भाग चालली. तिच्यातील मिहीर मरण पावला, प्रेक्षकांत हलकल्लोळ झाला आणि मिहीर परत आला. पुनरुत्थान हा आपल्या श्रद्धेचा गाभा आहे. पण ते लोकप्रियतेच्या आकड्यांवर अवलंबून असते, असे आपल्याला कोणी शिकवले नव्हते. याहून मौज म्हणजे संपलेली ही मालिका २९ जुलै २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. मालिकेचे थडगेही आता रिकामेच राहायचे.

मराठीत काय घडते ते पाहा. 'आई कुठे काय करते' ही स्टार प्रवाहवरील मालिका 'श्रीमयी' या बंगाली मालिकेवरून घेतलेली. मूळ कथा २०१९ च्या जूनमध्ये सुरू होऊन २०२१ च्या डिसेंबरमध्ये संपली. मराठी मालिका २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. जी गोष्ट बंगाली माणसाला अडीच वर्षांत उमजली ती मराठी माणसाला उमजायला पाच वर्षे का लागावीत? आपली बुद्धी मंद आहे काय? पंचवीस वर्षे घरासाठी झिजलेली अरुंधती नवऱ्याची प्रतारणा उघड झाल्यावर स्वतःच्या पायांवर उभी राहते, हा त्या कथेचा प्राण होता. घटस्फोट आणि पुनर्विवाह यांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण निराळी आहे. तो वाद येथे नको. पण अनेक घरांतील मुकी स्त्री त्या अरुंधतीकडे पाहून ताठ बसली, हे नाकारता येणार नाही. तिथे गोष्ट संपली असती तर ती एक चांगली गोष्ट झाली असती. तसे झाले नाही. अरुंधतीला दुसरा संसार दिला गेला आणि मग आशुतोषला मारून तोही काढून घेतला गेला. कथेला त्या मृत्यूची गरज नव्हती. गरज वेळापत्रकाला होती.

दुसरे उदाहरण 'ठरलं तर मग' या मालिकेचे. ५ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली आणि लोकप्रियतेच्या यादीत दीर्घकाळ अग्रस्थानी राहिलेली ही मालिका 'रोजा' या तमिळ मालिकेवर आधारलेली आहे. सायली हीच हरवलेली तन्वी, हे प्रेक्षकांना ठाऊक. पण पडद्यावरच्या माणसांना पहिल्या दोन वर्षांत तरी ते कळू दिले गेले नाही. कारण उघड आहे. ज्या दिवशी सत्य बोलले जाईल त्या दिवशी कथेची मुख्य गाठ सुटेल. म्हणून सत्य ओठांवर येते तेव्हा कोणाचा तरी फोन वाजतो, कोणाला तरी भोवळ येते, कोणी तरी दाराआड अर्धेच वाक्य ऐकतो.

भगिनींनो, माझा खरा आक्षेप येथे आहे. न संपणाऱ्या कथेत सत्य बोलणे परवडत नाही. दुष्टाला शासन होणे परवडत नाही, कारण मग उद्या काय दाखवायचे? सोसणाऱ्या बाईने तोंड उघडणे परवडत नाही. म्हणून तिच्या मौनाला मोठेपणा चिकटवला जातो; ती घराच्या भल्यासाठी गप्प आहे, असे सांगितले जाते. तिचे हे मौन जाहिरातींच्या भल्यासाठी असते, हे कोणी सांगत नाही. आणि हेच मौन आपल्या घरांत शिरते. मार खाऊनही 'घरातली गोष्ट घरात राहू द्या, फादर' असे म्हणणाऱ्या स्त्रिया प्रत्येक धर्मग्रामात आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आहे. १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. पडद्यावरची सोशिक नायिका त्या कायद्याच्या दाराशी किती वेळा गेली? ती गेली तर दहा भागांत निकाल लागेल, मग पुढची दोन वर्षे काय विकायचे?

यावर काही उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर, ही केवळ करमणूक आहे. मग तिचा हिशेब मांडू. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे बावन्न आठवडे, म्हणजे ६२४ तास. रात्रंदिवस मोजले तर पूर्ण २६ दिवस. नियमानुसार तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. त्या हिशेबाने वर्षाला सुमारे १२५ तास आपण निव्वळ जाहिराती पाहतो. एवढी किंमत मोजून घेतलेल्या वस्तूला 'केवळ' हा शब्द लावता येत नाही. आता मयताच्या घरच्या प्रार्थनेची वेळ ठरवतानाही 'साडेआठच्या आत उरकू या' असे सुचवले जाते आणि लघुसमूहाची सभा कोणत्या वारी भरेल, हे महाएपिसोड पाहून ठरते. शेजारचे खरे दुःख पडद्यावरच्या खोट्या दुःखासाठी घाईने आटोपले जाते, त्याला करमणूक म्हणायचे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरे उत्तर, जीवन तरी कुठे संपते? तेही असेच चालू राहते. मला हे मान्य नाही. आपले जीवन शेवटांनीच बांधलेले आहे. १ जूनला मासेमारीबंदी लागते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, हंगामाचा हिशेब होतो, ऑगस्टमध्ये नवा आरंभ होतो. शेतात कापणी होते. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद वहीत होते आणि त्याखाली सही पडते. हिशेब न करता वर्षानुवर्षे चालतो तो जीवनप्रवाह नव्हे, थकलेले कर्ज चालते तसे.

तिसरे उत्तर अधिक गंभीर आहे. या धंद्यावर हजारो पोटे चालतात. खरे आहे. आपल्याच तालुक्यात नायगावला मालिकांचे सेट उभे राहिले आहेत. बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि तीन-तीन महिन्यांनी हाती पडणारे मानधन, याविषयी कलावंतांनीच जाहीरपणे सांगितले आहे. पण न संपणारी मालिका या माणसांवर उपकार करते काय? सकाळी लिहिलेला प्रसंग दुपारी चित्रित होतो. लेखकाला विचार करायला उसंत नाही, नटाला भूमिका समजून घ्यायला वाव नाही. सहा महिन्यांत संपणाऱ्या चार कथांना चार लेखक लागतील, चार नायिका लागतील. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. आजही लोक तिचे नाव प्रेमाने घेतात. वेळेवर उठलेला पाहुणाच पुन्हा हवाहवासा वाटतो.

मग करायचे काय? दूरचित्रवाणी संच विहिरीत टाका, असे मी सांगणार नाही. सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. लोकप्रियतेचे आकडे मोजणारी 'बार्क' ही संस्था देशातील निवडक घरांत मापकयंत्रे बसवून दर आठवड्याला निष्कर्ष काढते. आपल्या घरात ते यंत्र बहुधा नाही. म्हणजे आपण बघितले काय आणि न बघितले काय, वाहिनीला ते कळतही नाही. ही वाईट बातमी वाटेल. मला ती मुक्तीची वार्ता वाटते. आपण त्यांचे काहीही देणे लागत नाही. निष्ठा ठेवायची तर ती माणसांवर ठेवावी, वेळापत्रकावर नव्हे.

म्हणून मालिकाप्रेमींना माझे सांगणे एवढेच. एक मालिका निवडा, चार नको. ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी सुरू झाली हे लक्षात ठेवा, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की वाहिनी काहीही म्हणो, तुमच्यापुरती ती संपली असे समजा. कथा खेचली जाऊ लागली की तुम्हीच घरी बसून तिचा शेवट करा. सुनेने काय बोलायला हवे होते, सासूने कधी ऐकायला हवे होते, ते जेवताना एकमेकांना सांगा. मुलांना विचारा, नवऱ्यालाही विचारा. आणि या घरात असे काही घडत आहे काय, हा नाथानाचा प्रश्न शेवटी न चुकता विचारा. २०२० मध्ये मार्चपासून जुलैपर्यंत नवे भाग नव्हते. तेव्हा कोणाचे काही अडले नाही. उलट पुष्कळ घरांत आजोबांनी अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या, वादळात सापडलेल्या होड्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टींना शेवट होता. होडी परत आली, किंवा आली नाही.

आपल्या माणसांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ऐकायला वेळ थोडा आहे. तो वेळ न संपणाऱ्या गोष्टीला देऊन टाकला तर एक दिवस आपलीच गोष्ट अर्धवट राहील. आणि तिचा पुढचा भाग उद्या साडेआठला दाखवला जाणार नाही.